सुया टोचण्याआधी

तीर्थरूप आई,

पायांवर डोकं ठेवते. मी आता बरी आहे, म्हणूनच सगळं लिहितेय.

गेले काही महिने जेवलं की पोटात आग पडायची. तुला घोर नको म्हणून कळवलं नाही. शेवटी शिवणखात्यातली मैत्रीण मला सुया टोचून चिनी उपचार करणाऱ्या वैद्यबाईंकडे घेऊन गेली. त्यांनी जीभ पाहिली, दोन्ही हातांची नाडी बराच वेळ धरली आणि सुयांचा डबा बंद केला.

म्हणाल्या, "आधी इस्पितळात तपासून ये. सुयांनी दुखणं निजेल, पण ते कशाचं आहे हे कळल्याशिवाय मी त्याला निजवणार नाही."

दारी आलेलं गिऱ्हाईक असं कोण परत पाठवतं गं?

जठरात व्रण निघाला. इस्पितळातल्या गोळ्यांनी तो भरला. मग बाईंनी गुडघ्याखाली आणि पोटावर केसासारख्या बारीक सुया लावल्या. मुंगी चावल्याइतकंही दुखलं नाही. पोट गुडगुडलं तशा हसल्या, "बोलायला लागलं बघ!"

बाबांची जळजळ कशी आहे? नुसत्या सोड्यावर भागवू देऊ नकोस, तपासून घ्या.

आई, काल कामावर पोटात चक्क कावळे ओरडले. इतक्या दिवसांनी भूक लागली म्हणून मला रडूच आलं. डबा चाटूनपुसून खाल्ला.

तुझीच,
धाकटी