सत्काराला दुसरा मिळाला

प्रिय नकट्या,

पत्र बघून दचकू नकोस, मी मेलेली नाही. फोन केला की तिसऱ्या वाक्याला तुझी रेंज जाते, आणि ती नेमकी मी 'कधी येतोस' विचारलं की जाते, म्हणून हा उद्योग. पत्राची रेंज जात नाही. फाडून टाकायचं म्हटलं तरी आधी उघडावं लागतं. अक्षर कुणाचं ते तू पाकिटावरच ओळखलं असशील. मला अक्षरओळख नाही, पण समोरच्या दारातल्या बाईचं अक्षर तू कसं विसरशील. त्याच अक्षरात तुझ्या वहीवर लाल शाईनं 'पुन्हा लिही' असायचं. मी बोलते आणि बाई लिहिते. मधेच माझं वाक्य सुधारते, ते मला तिच्या भुवईवरून कळतं. तिला बजावलंय, मी बोलते तसंच लिही, नाहीतर पोराला वाटेल दुसऱ्याच कुणाची आजी चुकून त्याच्या पत्त्यावर आली.

इकडचं सगळं ठीक. इस्त्रीचं टेबल अजून जिन्याखालीच आहे, गुडघेही अजून माझेच आहेत, फक्त माझं ऐकत नाहीत. डॉक्टर म्हणाले उभ्यानं काम करू नका. म्हटलं, बसून इस्त्री केली तर शर्टसुद्धा बसलेलाच दिसेल. संध्याकाळची बस कोपऱ्यावर थांबते तेव्हा माझी मान आपोआप वर होते. परवा अशीच मान वर केली आणि बँकेतल्या साहेबाच्या शर्टाच्या पाठीवर तपकिरी त्रिकोण उमटला. पाठीवर होता म्हणून निभावलं, तो वरून कोट घालतो. बसमधून उतरला तो गॅसवाला. आता या वयात रोज गॅसवाल्याची वाट बघते म्हणून लोक नावं ठेवतील, याचा तरी विचार कर.

पदक पोचलं. तू विचारलं नाहीस, मीही सांगितलं नाही. पार्सल उघडलं तर तुझ्या जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेली डबी, बरोबर मानपत्र, आणि तुझ्या हातची एक ओळ नाही. अरे, माणूस तुटलेली बटणं पाठवताना दोन शब्द खरडतो. आता मानपत्र वाचणार कोण? आपल्या घरात विजेच्या बिलापासून औषधाच्या बाटलीपर्यंत सगळं बाईच वाचते. मी काही विचार न करता तिच्याच हातात दिलं. तिनं चष्मा पुसला आणि वर्गात वाचावं तसं स्वच्छ वाचलं. पेटलेल्या गाडीत हा जवान पुन्हा पुन्हा शिरला, तीन साथीदारांना बाहेर काढलं. तिघांची नावं होती. लंबूचं नव्हतं. नसणारच. तिचा एकुलता एक लंबू, तुझ्याबरोबर भरती झालेला, त्याच गाडीत राहिला, हे तिला काय, मला काय, नव्यानं कळायचं थोडंच होतं. पण वाचायला तिला लावलं मी. तिचा आवाज कुठं अडला नाही. घडी घालून कागद मला परत दिला, म्हणाली, छान लिहिलंय, एकही चूक नाही. आणि उकळता चहा तसाच सोडून घरी गेली. हे गाळू का म्हणून ती आत्ता माझ्याकडे बघतेय. नाही गाळायचं.

मग आले आपले साहेब. तुला आठवत असेल, लंबूला आणलं त्या दिवशी चौकात दोघे पुढारी होते. जुने साहेब सत्तेवर होते, ते माईकवर म्हणाले, दुःख आहे, पण सैनिक पगार घेतो तो जोखमीचाच. आणि आपले साहेब तेव्हा विरोधात, ते डोळे पुसत ओरडले की हे लोक उद्या एक पदक काढतील आणि माणूस विसरतील. मग निवडणूक झाली. आता आपले साहेब म्हणतात, पदक म्हणजे देशाचा दागिना, आणि जुने साहेब पत्रक काढतात की वीरांची कदर उशिरा का? दोघांनी भाषणांची अदलाबदल केली. शर्टांची तेवढी होत नाही, कारण दोघांचेही माझ्याकडेच येतात आणि मी गळ्याच्या मापावरून ओळखते. सत्ता आली की माप एक बोट वाढतं.

तर आपले साहेब स्वतः जिन्याखाली आले, वाकून आले, डोकं आपटलं तरी हसले. म्हणाले, आजी, नातवानं शहराचं नाव काढलं, लष्करानं पदक दिलं ते तिकडे, आता इथं सभागृहात माझ्या हातानं पुन्हा लावू. मी हो म्हटलं. पदकाला माझ्या लेखी टेबलावर ठेवायच्या वजनापेक्षा जास्त किंमत नाही रे, कापड उडू नये एवढं ते जडही नाही. पण साहेब म्हणाले, सुट्टी मी मंजूर करून आणतो. मला वाटलं, आजीच्या बोलावण्याला येत नाही तो सरकारच्या बोलावण्याला येईल. त्यांनी खरंच सुट्टी आणली. आणि तू ती परत केलीस.

तरी मी सत्काराच्या तालमीला गेले. म्हटलं, पोरगं आयत्या वेळी येईल. उभं करायला तू नव्हतास म्हणून तुझ्या जागी मलाच खडूच्या फुलीवर उभं केलं. पदक मी घरीच ठेवलं होतं, पुढाऱ्यांच्या माणसांकडून छत्रीसुद्धा परत येत नाही. मग साहेबांनी माझ्याच कनवटीला खोचलेला कपडे वाळत घालायचा चिमटा घेतला आणि माझ्या शालीला लावला. म्हणाले, शाब्बास जवान. मी म्हटलं, जवानाचे गुडघे दुखतात, लवकर आटपा. सगळे हसले. मग त्यांनी कागद काढून भाषण वाचलं, आणि त्यात आलं की या वीरानं आपल्या सर्व साथीदारांना सुखरूप परत आणलं.

बाई माझा हात धरायला बरोबर आली होती. तिला आधी पहिल्या रांगेत बसवलेलं. मग साहेबांच्या एका पोऱ्यानं विचारलं, तुमचे कोण? ती म्हणाली, मुलगा होता, त्याच गाडीत. पदक मिळालं का? नाही. मग तुम्ही तिसऱ्या रांगेत बसा ताई, पहिली रांग पदकवाल्यांची. ती उठली आणि गेली, शाळेतल्या मुलासारखी. मी फुलीवरून सगळं बघत होते.

मी साहेबांना म्हटलं, सर्व नाही, तीन. आणि चौथ्याचंही नाव घ्या, त्याची आई समोर बसलीय. रागावले नाहीत रे ते. खुर्ची मागवली, स्वतः पाण्याचा पेला आणून दिला. शेजारी उकिडवे बसून समजावलं, आजी, मेलेल्याचं नाव घेतलं की सभागृह गप्प होतं, मग टाळ्या परत आणायला फार कष्ट पडतात. तुम्ही तुमच्या नातवाचा आनंद बघा. म्हटलं, तोच तर बघतेय. त्याला आनंद असता तर तो इथं असता. यावर त्यांनी घड्याळ बघितलं. वाईट माणूस नाही तो. त्याला पदक दिसतं. ते ज्याच्या छातीवर लावायचं तो दिसायला लागला की भाषण बिघडतं.

मी चिमटा काढून पुन्हा कनवटीला खोचला आणि तिसऱ्या रांगेत बाईच्या शेजारी जाऊन बसले. पोऱ्या म्हणाला, आजी, तिथून स्टेजवर यायला वेळ लागेल. म्हटलं, येतंय कोण?

सत्कार झाला, काळजी करू नकोस. सत्काराला दुसरा मिळाला. पलीकडच्या पेठेतले एक निवृत्त सुभेदार, तरुणपणी नेमबाजीच्या स्पर्धेत पदक मिळवलेले. भला माणूस, बिचारा नव्या बुटांत लंगडत आला. तुझा फोटो लावलेला फलक खाली न उतरवता त्यावरच त्यांचा चिकटवला. साहेबांचा होता तसाच ठेवला. दोन दिवसांनी कोपरा सुटला तर सुभेदारांच्या मिशीखाली तुझं नाक. मी खालून म्हटलं, बघा, निदान नाकानं तरी घरी आलाय.

आता खरं काय ते ऐक. स्टेज गेलं, फलक गेला, हार घालायला कुणी कोपऱ्यावर थांबणार नाही. पण तू त्यांना भिऊन लांब नव्हतास, हे न समजण्याइतकी मी अडाणी नाही. तू भितोस ते आपल्या दारासमोरच्या दाराला. तुला वाटतं, ते उघडेल आणि बाई विचारेल की तिघांना आणलंस, माझ्याला का नाही. आणि बाईला वाटतं, तिच्याकडे बघावं लागू नये म्हणून तू येत नाहीस, म्हणजे तिच्यामुळं माझं घर रिकामं आहे. तिनं शाळेजवळ खोली बघून ठेवलीय, जागा बदलायची म्हणते. मला काल कळलं, म्हणून आज कागद घेऊन बसवलं. हे लिहिताना तिचा हात थांबला होता, मी म्हटलं, लिही, तुझ्याबद्दल आहे म्हणून काय झालं. दोन पोरं या दोन दारांमधून पळत मोठी झाली. एक गेला. दुसरा तुम्ही दोघं मिळून घालवू नका. माझं सांगून झालं. खाली जागा ठेवायला लावलीय, तिथं तिनं तिचं लिहावं. काय लिहिते ते मला वाचता यायचं नाही, आणि मी विचारणारही नाही. मी चहा टाकायला उठते. या खेपेला तिला तो पिऊनच जावा लागेल.

वाट बघून मान अवघडलेली,
तुझीच,
आजी

नकट्या,
लंबूचं सामान आलं त्यात लोकरी मोज्यांचा एक जोड तुझा निघाला. टाचेला आजींचं रफू आहे. धुऊन ठेवलेत. पोस्टानं पाठवणार नाही.
मी खोली घेतलेली नाही.
— बाई