बिनसाखरेची दोन वर्षं

छत्रपती संभाजीनगर,
१० जानेवारी २०२५

ती. आईंना,
शि. सा. न. वि. वि.

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. दोन खोल्यांच्या घरात फोनवरचं सगळं यांना ऐकू जातं, आणि तुमचा आवाज तर फोनशिवायही इथपर्यंत पोचतो. ऋतुराजभाऊजी दर शनिवारी शेंद्र्याच्या कंपनीतून वैजापूरला तुमच्याकडे येतातच, त्यांच्या हाती हे देते.

यांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा चालू आहे. किडनीसाठी नाव नोंदवून दोन वर्षं झाली, आपला नंबर काही लागत नाही. म्हणून मी गुपचूप माझ्या तपासण्या केल्या. माझी किडनी यांना चालते. मात्र दिल्यावर निदान वर्षभर दिवस राहू द्यायचे नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. आमचे तीन गर्भ दवाखान्यात गोठवून ठेवलेत, ते थांबतील. मी छत्तिशीची आहे, तरी ठरवलंय. आधी किडनी, मग बाळ. यांना अजून बोलले नाही.

परवानगी देणाऱ्या समितीला आमच्या लग्नाचा पुरावा लागतो. अल्बम आणि नोंदणीचा दाखला तुमच्या कपाटात आहेत, ते पाठवा. तुमच्यासाठी बिनसाखरेची बिस्किटं पाठवतेय.

तुमच्या मायेवर हक्क सांगणारी,
तनुजा

*

वैजापूर,
१२ जानेवारी २०२५

चि. सौ. तनुजास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर चांगलं हाय, अक्कल तेवढी कमी पडली. आधी लेकरू. किडनी काय, कोणीही देईल. तुझं लेकरू दुसऱ्या कोणाला होणार हाय का? सोबत मंतरलेला गंडा पाठवलाय, विश्वजीतच्या उशीखाली ठेव. दोन्ही कामं एकाच धाग्यात होतात, असं देणाऱ्यानं सांगितलंय.

मला साखरेचा आजार नसता तर मीच दिली असती, हे तुला ठाऊक हाय. बिस्किटं खाल्ली. भुशासारखी लागतात.

अल्बम आता माळ्यावर गेलाय, आणि माझे गुडघे काय माळ्यावर जात नायत.

दोघं जिवाला जपा.
आवडाबाई

*

छत्रपती संभाजीनगर,
२८ फेब्रुवारी २०२५

ती. आईंना,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या त्या ‘कोणीही’चा पत्ता कळवा. काकासाहेबांना किडनी हा शब्द ऐकला की बीपी होतं. तरी मागच्या आठवड्यात तेच चुलतसासरे दोन तास बसून, चार कप चहा पिऊन, यांनी पाणी किती कमी प्यावं ते मला शिकवून गेले. भाऊजींचं लग्न जमायचंय, एका किडनीच्या पोराला मुलगी कोण देणार, असं तुम्हीच म्हणालात. माझं लग्न होऊन गेलंय, तेव्हा मला ती अडचण नाही. गंड्यानं दोन्हीपैकी एकही काम केलं नाही, यांच्या मानेवर पुरळ तेवढं उठलं.

अल्बम भाऊजींनी कपाटातूनच काढून दिला. माळा तसाच राहिला.

यांनी तीन दिवस नाही म्हटलं, चौथ्या दिवशी रडत सही केली. सोमवारी आम्ही समितीपुढे गेलो. तर दाखल्यावर, लग्नपत्रिकेवर, अल्बमच्या पहिल्या पानावर बायकोचं नाव मनस्विनी, आणि आधारवर तनुजा! तांदळाच्या ताटात अंगठीनं ते नाव तुम्ही यांच्याकडून लिहून घेतलंत, आणि काकासाहेबांनी ग्रामपंचायतीत तेच नोंदवलं. आठ वर्षांत त्या नावानं मला कोणी हाक मारली नाही. तुम्ही तर ‘अगं ए’वर भागवता. समितीतल्या बाईंनी यांना विचारलं की बायका किती आहेत. हे म्हणाले, एकीनंच दमलोय. कोणीही हसलं नाही. नावाचे कागद दुरुस्त करायला तीन महिने लागतील.

बाहेर पडताना जिन्यातच यांना धाप लागली. फुप्फुसात पाणी झालं होतं, तीन दिवस दवाखान्यात होते. आई, मला भीती वाटते. हे तीन महिने काढतील का, ते कोणी छातीठोक सांगत नाही.

तुमची,
तनुजा

*

वैजापूर,
९ मार्च २०२५

चि. सौ. तनुजास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून जेवण गेलं नाय, असं लिहिणार होते. पण जेवले, खोटं आता पुरे.

मला साखर नाय. कधीच नव्हती. दोन वर्षांमागं डॉक्टरनं कोण देणार म्हणून विचारलं, तेव्हा माझ्या तोंडातून तेवढंच निघालं. विश्वजीतचे वडील साध्या अपेंडिक्सच्या ऑपरेशनाला आत गेले ते परत आले नाय. मला त्या टेबलाची लई भीती. एकदा बोलल्यावर मागं कसं घ्यायचं? दोन वर्षं चारचौघांत बिनसाखरेचा चहा पिते. सणाला पुरणपोळी पुढं सरकवते आणि मागून चोरासारखी गुळाचा खडा तोंडात टाकते.

लेकराचं निमित्त करून तुला अडवलं. ते खोटं नाय, पण अर्धंच खरं. सुनेनं दिली तर लोक विचारतील, आईनं का नाय दिली.

इथल्या डॉक्टरकडं सगळं तपासून घेतलं. साखर नाय, रक्ताचा गट जुळतो. विश्वजीतच्या दाखल्यावर आईचं नाव आवडाबाईच हाय, माझ्या आधारवरही तेच. भीती अजून हाय, पण शनिवारी येते. तू लेकराच्या डॉक्टरकडं जा. विश्वजीतला माझं खोटं सांगू नको.

तोंड दाखवायची लाज वाटते.
आवडाबाई

*

छत्रपती संभाजीनगर,
२३ मे २०२५

ती. आईंना,
शि. सा. न. वि. वि.

तुमची किडनी जोमात आहे. टेबलावरच लघवी सुरू झाली म्हणून डॉक्टरांनी कौतुक केलं. या कारणासाठी आपल्या घराण्यात कौतुक होणारे हे पहिलेच. आता रोज मापाची बाटली उजेडात धरून मला आकडा वाचून दाखवतात. पुढच्या महिन्यात गोठवलेला एक गर्भ माझ्या पोटात सोडायचं ठरलंय. राहील की नाही, माहीत नाही.

मी औषधं आणायला खाली गेले, तेवढ्यात तुम्ही काकासाहेबांच्या गाडीत बसून वैजापूर गाठलंत. टाके काढून दोन तासही झाले नव्हते. पळायला गुडघे बरे चालतात.

यांना काही सांगितलेलं नाही. पण मला राग आहे, आई. दोन वर्षं या माणसाच्या हातात आठवड्याला तीनदा सुया जाताना मी बघत होते, आणि तुम्ही गूळ खात होतात. माफ केलं असं लिहायला बसले होते, लिहवत नाही. तुमच्यामुळे हे माझ्यासमोर जेवायला बसतात, हेही रोज दिसतं. त्यानं राग कमी होत नाही.

तरी सोमवारच्या तपासणीला या आणि इथंच राहा. मी तुमच्याशी भांडणार आहे, यांच्या नकळत, रोज थोडं थोडं. पण दिवस राहिले तर मला जवळ तुम्हीच हव्या आहात, आणि नाही राहिले तरीही.

रागावलेली,
तनुजा