मॉरिसच्या पोटातलं पाणी

॥ श्री ॥

सोलन, हिमाचल
२ जानेवारी २०२६

ती. नीरजाआत्यास,
स्वरूपचा शि. सा. न. वि. वि.

रत्नागिरी स्टेशनच्या आवारात मनस्वीने तुझ्या मॉरिस गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला, चटका बसला म्हणून झटकन काढला आणि हसत म्हणाली की ही बर्फात कशी दिसेल रे. माझं सगळं बदललं ते त्या क्षणी. तू नेहमी विचारतेस ना, की चांगला दापोलीला बागायतीची डिग्री करत होतास, मग डोकं फिरलं कधी? तर तेव्हा. ती एम.एस्सी.ला हिमाचलात निघाली होती, आंब्याच्या मुलखातली पोर सफरचंदं शिकायला. तिची रेल्वे सुटली, मी परत कॉलेजात जाऊन बसलो, पण बसलो कुठला, मी त्या आवारातच उभा होतो. मग सरांशी भांडण, मग दार आपटून बाहेर. पुढचं तुला ठाऊक आहे.

तर तुझी मॉरिस आणि मी सोलनला पोचलोय, दोघंही शाबूत. घाटात दोनदा तापली. राजस्थानात एका म्हाताऱ्याने तिला झेंडूचा हार घातला, मला साधं पाणीही विचारलं नाही. वळताना दाराच्या बाजूने तो इंडिकेटरचा हात टप्पकन बाहेर येतो ना, तो बघायला पोरं मला मुद्दाम चुकीचा रस्ता सांगतात.

मनस्वी इथून वर, ठियोगच्या पुढे, एका फळसंशोधन केंद्रात असते. मी आलोय हे तिला माहीत नाही. बर्फ पडायची वाट बघतोय. ती बर्फात म्हणाली होती, तर बर्फातच जायचं. आभाळ रोज भरून येतं आणि रोज फुकट जातं. मला एका जागी बसवत नाही. एका ढाब्यावर कांदे चिरतो, हात धुतो, रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन डोंगर बघतो, परत येऊन कांदे चिरतो.

इथल्या गॅरेजवाल्याशी वाजलं. म्हणे रेडिएटरमध्ये नुसतं पाणी चालायचं नाही, कूलंट घाल. मी म्हटलं, पंचाहत्तर वर्षं ही आमच्या विहिरीचं पाणी पिते, तिला तुझं हिरवं सरबत नको. कोकणातला दिसला की घाला टोपी. हापशावरून गच्च भरून घेतलं पाणी.

फोन भाट्याच्या खाडीत आहे. बाबांशी बोलता बोलता फेकला, हे त्यांनी सांगितलं असेलच. नाहीतरी तुझ्या कानातल्या यंत्राला फोन नुसता शिट्टी मारतो. म्हणून पत्र. खुंटीवरची किल्ली मी काढली तेव्हा तू जागी होतीस, मला माहीत आहे. बाबांना त्यातलं काही कळू देऊ नकोस.

पत्ता ढाब्याचा खाली देतो. गाडी सुखरूप परत येईपर्यंत तरी लोभ कमी करू नये.

तुझा,
स्वरूप


॥ श्री ॥

रत्नागिरी
९ जानेवारी २०२६

चि. स्वरूप यास,
आत्याचे अनेक आशीर्वाद. वयाला शोभतील एवढेच घे, बाकीचे अक्कल आल्यावर.

पत्र मिळालं. देवदत्तला वाचून दाखवलं, किल्लीची ओळ सोडून. तुझा बाप उठला आणि फवारणीला निघून गेला. कलमांना मोहोर चांगला आलाय, पण मळभ धरतंय, तुडतुडे वाढलेत. त्याचा जीव इथे आणि तिथे दोन्हीकडे टांगलेला आहे. हल्ली जेवताना तुझं ताट मांडू का असं मी मुद्दाम विचारलं, की म्हणतो त्याचं नाव काढू नकोस, आणि लगेच विचारतो की तिकडे शून्याच्या खाली किती जातं.

जाताना दार असं आपटलंस की वाशावरची पाल खाली पडली. तिच्या शेपटीचं पाप तुझ्या माथी.

आता कामाचं. ते गॅरेजवाल्याबद्दलचं वाचलं आणि मला रात्रभर चैन नव्हतं. अरे मेल्या, दोन वर्षांपूर्वी पन्ह्याची काचेची बाटली तू फ्रीजरमध्ये विसरला होतास, आठवतंय? सकाळी तिचे तुकडे कुणी वेचले? मॉरिसच्या पोटातही पाणीच आहे. ते गोठलं की फुगणार, आणि फुगलं की लोखंड बाटलीसारखं तडकणार. एवढ्या वर्षांत आपल्यापैकी कुणाच्या डोक्यात हे आलं नाही, कारण रत्नागिरीत पाणी गोठायला फ्रीजच लागतो. तुझे आप्पाआजोबा असते तर त्यांनाही सुचलं नसतं. तू काही वेगळा मूर्ख नाहीस, आपल्याकडचाच आहेस. गॅरेजवाल्याची माफी माग.

कूलंट घाल. ते गळलं, आणि आपला रेडिएटर म्हातारा आहे म्हणजे गळणारच, तर गाडी थांबली की दोन्ही तोट्या सोडायच्या. एक रेडिएटरखालची, एक इंजिनच्या कुशीतली. पूर्ण रिकामं करायचं. सकाळी कोमट पाणी भरायचं, कढत नाही.

डिकीत सुंभाची वेटोळी आहेत. पावसात बागेच्या चिखलात मी मागच्या चाकांना गुंडाळत असे, तू मागे बसून ओरडायचास. बर्फही असाच निसरडा असणार. काच धुरकटली तर तंबाखूची पुरचुंडी चोळ. आणि उतारावर ब्रेक दाबायचा नाही, गिअरवर उतरायचं. हे सगळं तुला मीच शिकवलंय, पण तू शिकलेलं अर्ध्यावर सोडतोस म्हणून पुन्हा लिहिते.

मुलीबद्दल काही लिहीत नाही. तुझं तुलाच कळू दे.

अंगात दोन स्वेटर घाल. पत्र पाठवत जा, नाहीतर इथल्या पोस्टमनला मी गेटावर उभं राहून घाबरवते.

तुझी,
नीरजाआत्या


॥ श्री ॥

मुक्काम ठियोगच्या वर
२४ जानेवारी २०२६

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पडला. काल सकाळी उठलो तर ढाब्याच्या पत्र्यावर पांढरं होतं आणि वर डोंगर दिसतच नव्हता. कांदे तसेच टाकून निघालो.

तुझं पत्र वेळेवर मिळालं होतं. गॅरेजवाल्याकडे गेलो, चूक कबूल केली. त्याने हिरवं सरबत घातलं, सकाळी सगळं जमिनीवर. त्याने कपाळाला हात लावून तुझ्या तोट्यांचाच उपाय सांगितला. तेव्हापासून तुझा शिरस्ता चालू आहे.

आत्या, बर्फात गाडी चालवणं म्हणजे चालवणं नाहीच. आपण फक्त विनंती करायची. स्टिअरिंग फिरवलं की गाडी थोडा विचार करते, मग वळते, कधी वळत नाही. आवाज सगळा गिळून टाकलेला. इंजिनची ती फटफट, जी आपल्याकडे बागेच्या दगडी गडग्याला आपटून परत येते, ती इथे परत येतच नाही. मशीन एकदा बर्फ सारून गेलं होतं, त्याच्या मागोमाग पहिल्या गिअरवर. एका वळणावर मागचा भाग दरीकडे सरकायला लागला. माझा पाय ब्रेकवर गेला होता. तू कानात खेकसलीस म्हणून काढला. खरंच ऐकू आलीस. मग खाली उतरून चाकांना सुंभ गुंडाळला, बोटं गाठी मारेनात, दातांनी ओढल्या. एक पोलीस गाडीभोवती फेरी मारून म्हणाला की ही कसली दोरी. नारळाची म्हटल्यावर त्याने वास घेऊन बघितला.

संध्याकाळच्या आत केंद्राच्या फाटकाशी पोचलो. इंडिकेटरचा हात बाहेर आला तो गोठून तसाच राहिला, सलाम केल्यासारखा. मनस्वी बाहेर आली. लाल टोपी, हातात छाटणीची कात्री. आधी तिने गाडी बघितली. मग मला. मग तोंडावर दोन्ही हात ठेवून ती इतकी हसली की बर्फातच बसली. म्हणाली की वेडा आहेस, ठार वेडा. आत्या, ती हसताना रडतही होती, मी पाहिलं.

जवळच एका बागवाल्याकडे खोली मिळाली आहे. आजपासून छाटलेल्या फांद्या ओढायला लागलोय, इथे सफरचंदाची छाटणी चालू आहे. काल संध्याकाळी तोट्या सोडायला जातो म्हटलं तर मनस्वी बादली घेऊन आली. कुठली तोटी कशाची ते मी दाखवलं. ती बादली धरून उभी होती. बादली धरणारी माणसं उगाच धरत नाहीत.

अजून विचारलेलं नाही. पण विचारणार. हो म्हणाली तर मी इथेच राहीन, काहीही करीन. झोप येत नाही, खोलीत येरझाऱ्या घालत होतो म्हणून काल रात्री खालच्या मालकाने काठीने छत ठोकलं.

तुझा लोभ आहेच, थोडा माझ्या बाजूने देवालाही सांग.

तुझा,
स्वरूप


॥ श्री ॥

रत्नागिरी
३१ जानेवारी २०२६

चि. स्वरूपला,
पुष्कळ आशीर्वाद.

सलाम करणाऱ्या मॉरिसचं वाचून मी एकटी हसत बसले. देवदत्त विचारत होता काय झालं, तर त्याला पत्रच दिलं. दरीकडचा भाग वाचून त्याने चष्मा काढला आणि म्हणाला की नीरजाताई, ह्याला गाडी तूच शिकवलीस. शिव्या होत्या की शाबासकी, मला कळलं नाही. त्यालाही नसावं.

मोहोरावर कणी धरलीये, मोहरीएवढी फळं दिसतायत. आता पाऊस नको, वारा नको, आणि तुझी भलती बातमी नको.

बादलीबद्दल लिहिलंस. मी शाळेत इतकी वर्षं शिकवलं, त्यात माझ्यासाठी छत्री धरणारे, वह्या उचलणारे, मॉरिसला धक्का मारणारे पुष्कळ होते. सगळ्यांनी मला मागणी घातली नाही. मनस्वी आपल्या पडवीत माझ्याकडे गणितं सोडवायला यायची तेव्हापासून मी तिला ओळखते. कुणाचंही काम अडलं की हात पुढे करणारी पोर आहे ती. मांजराचं पिल्लू विहिरीत पडलं तेव्हा पोहरा घेऊन तीच धावली होती, आणि ते पिल्लू तिने घरी नेलं नव्हतं.

रागावू नकोस. किल्ली काढताना मी डोळे मिटून पडले होते ते का, सांगते. मी नको म्हटलं असतं तर जन्मभर तुला वाटलं असतं की आत्याने अडवलं. हो असो की नाही असो, ते तिच्याच तोंडून ऐकलंस तर बरं. फक्त ऐक. मला कान नाहीत तरी मी माणसं ऐकते. तुला चांगले धडधाकट दोन आहेत, आणि तू उत्तर संपायच्या आत भांडायला लागतोस. सुंभ जळेल, पीळ जाणार नाही, हे आप्पा तुला पाळण्यातच म्हणाले होते.

काही झालं तरी तोट्या विसरू नकोस. आणि मी तुझ्याच बाजूची आहे, हेही नको विसरूस.

तुझी,
नीरजाआत्या


॥ श्री ॥

ठियोगच्या वर
७ फेब्रुवारी २०२६

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र परवा आलं. पोहऱ्याचा परिच्छेद वाचून संतापलो आणि तू चुकलीस हे दाखवायला म्हणून काल संध्याकाळी तिला विचारलं.

ती गाडीच्या मडगार्डला टेकून उभी होती. मी सगळं बोललो. स्टेशन, बॉनेट, कॉलेज, नऊ दिवसांचा रस्ता. ती शेवटपर्यंत ऐकत होती. मग म्हणाली की स्वरूप, मी गाडीबद्दल म्हणाले होते. तुझ्याबद्दल नाही.

मी म्हटलं, मी तुझ्यासाठी कॉलेज सोडलं. तेव्हा तिचा आवाज चढला. म्हणाली की हे तू दापोलीत सगळ्यांना सांगत सुटलास, पण मला एकदा तरी विचारलंस का, सोडू का म्हणून? मी आईला काय सांगायचं, लोकांना काय सांगायचं, की देवदत्तकाकांच्या मुलाचं वाटोळं मी केलं? तुला बघून मला आनंद झाला, खूप झाला, गावचं माणूस भेटलं, मॉरिस भेटली. पण हो म्हणू शकत नाही. हेही म्हणाली की थांब, अजून माझं बोलून झालेलं नाही.

मी थांबलो नाही. नको ते बोललो. तिला दगड म्हटलं, अजूनही काही म्हटलं, ते तुला लिहिणार नाही. बर्फ तुडवत खोलीवर आलो, बूट भिंतीवर फेकले, उपाशी तसाच आडवा झालो.

सकाळी जाग आली ती तोट्यांच्या आठवणीनेच. आत्या, मी विसरलो होतो. खिडकीच्या काचेवर आतून बर्फ होता, मग बाहेर काय असेल. मोज्यांवरच धावलो. डोळ्यांसमोर पन्ह्याची बाटली. आप्पांची गाडी, तुझी गाडी, दोन हजार किलोमीटर आणून मी माझ्या रागापायी फोडली, एवढंच डोक्यात.

गाडीखाली बर्फाची एक लांबट टेकडी तयार झाली होती, गढूळ, गंजाच्या रंगाची. दोन्ही तोट्या उघड्या. सगळं पाणी वेळेवर निघून गेलेलं. बॉनेटवर पोतं होतं, चारी बाजूंनी नीट खोचलेलं. फाटकापासून गाडीपर्यंत आणि परत फाटकापर्यंत तिच्या बुटांचे ठसे होते. माझ्या खोलीकडे एकही वळलेला नव्हता.

मी तसाच बागेत गेलो. ती शिडीवर होती, कात्री चालू होती. मला वाटलं, आत्या, अजूनही वाटलं, की ज्या माणसाने एवढं ऐकून घेतलं आणि तरी येऊन पाणी सोडलं, त्याच्या मनात काहीतरी असणारच. विचारलंही. तिने वरूनच सांगितलं की गाडी नीरजाआत्यांची आहे. आणि मी पुढे काही बोलायच्या आत म्हणाली की कोमट घाल, कढत घालू नकोस.

ह्या वेळी मी ऐकलं. शेवटपर्यंत. कालच्या शब्दांची माफी मागितली. ती म्हणाली की बरं. तिची कात्री पुन्हा चालू झाली. खाली पडलेल्या फांद्या गोळा करून ढिगावर टाकल्या आणि आलो.

तू बरोबर होतीस असं लिहायला सांगू नकोस, माझ्याने लिहवत नाही. कागद दोनदा फाटला. बाबांना सांग की परत कॉलेजात जाईन असं काही मी कबूल करत नाही. काय करीन ते मला माहीत नाही. गाडी घेऊन येतो, एवढंच नक्की. मोहोर टिकला असेल तर फवारणीला माझेही दोन हात गृहीत धर.

शेगडीवर पातेलं ठेवलंय. पाणी कोमट झालंय, बोट घालून बघितलं. हे पत्र वाटेत पोस्टात टाकीन, माझ्याआधी पोचेल. तोवर लोभ जिथे ठेवला असशील तिथेच राहू दे, मी येऊन घेतो.

तुझा,
स्वरूप

ता. क. पातेलं दाराबाहेर ठेवलं आणि हे उभ्याने लिहितो आहे. दार आपटावंसं फार वाटतंय. पण इथली दारं बर्फाने फुगतात, आपलं मागचं दार पावसात फुगतं तशी. आपटून लागत नाहीत. दोन्ही हातांनी कडी धरून सावकाश ओढावी लागतात. पेन खिशात घालतो, बाहेर पडतो आणि दार ओढून घेतो.