वरमाला आकाशमार्गे न आणण्याबाबत

मु. पो. भातकुली, जि. अमरावती
अधिक ज्येष्ठ, भर उन्हाळा

श्रीयुत उत्तमरावजी, व्याहीबुवा, अकोला, यांना जानरावचा दोन्ही हात जोडून नमस्कार.

इकडे सर्व खुशाल, म्हणजे जे जखमी झाले ते आता चालते-बोलते आहेत. आपला गुडघा काय म्हणतो? विहीणबाईंचं ब्लडप्रेशर खाली आलं असेल तर हे पत्र दाखवून ते पुन्हा चढवू नये. फोनच केला असता, पण आपण फोन उचलला की तो स्पीकरवर टाकता आणि मग सगळं घर मला नमस्कार करतं. त्यात आपले चिरंजीव, म्हणजे आमचे थोरले जावई किशोररावही असतात, आणि जे सांगायचं ते नेमकं त्यांच्याबद्दल आहे. मी पडलो सासरा. सासऱ्यानं पाट मांडावा, तूप वाढावं आणि तोंडाला कुलूप लावावं. त्यांना दोन शब्द सुनावू शकेल असा माणूस या पृथ्वीवर एकच, तो म्हणजे आपण. म्हणून आधीच सांगून टाकतो. अधिक महिना संपला की आमच्या धाकट्या साधनाचं लग्न आहे, आणि त्या लग्नात नवरा-नवरीचे हार ड्रोनला टांगून सगळ्या पाहुण्यांच्या डोक्यांवरून आणायचे, असं किशोररावांनी जाहीर केलं आहे. ते आपण थांबवावं.

आपल्याला वाटेल, म्हातारा हट्टाला पेटला. तर झालं ते ऐका. मागच्या पंधरवड्यात किशोरराव आणि आमची आरती धोंड्याच्या जेवणाला आले. जावयांच्या हातात मोठी काळी बॅग. (आमच्या सौ. कौशल्याला वाटलं, सासूसाठी पातळ असेल. भोळी आहे.) त्यातून निघालं ते चार पंख्यांचं भिरभिरं. आमच्या बैठकीत एकच पंखा आहे, तो फिरतो पण वारा देत नाही; याला चार, आणि वारा कोणालाच नाही. पुरणाचे धोंडे तुपात बुडवून खाल्ल्यावर शहाणा माणूस आडवा होतो. जावई गच्चीवर गेले. म्हणाले, मामाजी, तुमचं अख्खं गाव एका फोटोत आणतो. मी जन्मापासून या गावात राहतो, मला ते एका फोटोत कधी लागलं नाही. त्यातले निम्मे लोक तर सुटे सुटेही पाहवत नाहीत.

तो दिवस नेमका बाजाराचा. अर्धा तालुका खाली भाजीपाला, कांदे आणि चपला घेत उभा. यांचं भिरभिरं चढलं. गाव मावेना म्हणून वर, गाव मावलं तर चहूकडची वावरं पाहिजेत म्हणून आणखी वर, मग दिसेनासंच झालं. बेलोऱ्याला आता विमानं उतरतात, त्यातलं एखादं आलं असतं तर पायलटानं कोणाला हात दाखवला असता? मी एवढंच म्हणालो, ‘ऊन लय हाय जी.’ सासऱ्याला याहून जास्त बोलता येत नाही. जावई म्हणाले, काळजी नको, अगदी हलकं आहे. अहो, माडावरचा नारळही माणसापेक्षा हलकाच असतो. त्याच्याखाली कोणी खुर्ची टाकून बसतं का?

आता मी आयुष्य काढलं एसटीत, वाहतूक नियंत्रक म्हणून. स्टँडात गाडी मागे घ्यायची तर कंडक्टर खाली उतरतो, मागे जाऊन उभा राहतो, शिटी मारतो, पत्र्यावर थापा मारतो, आणि तरी एखादी म्हातारी पिशवीवर बसलेली नेमकी चाकामागेच सापडते. ही जमिनीवरच्या, सगळ्यांना दिसणाऱ्या गाडीची कथा. इथे गाडी आभाळात, ड्रायव्हर गच्चीवर, त्याचे डोळे मोबाईलात आणि शिटी मारायला कोणी नाही. आमच्या खात्यात असला ड्रायव्हर पहिल्याच दिवशी घरी पाठवला असता. इथे त्याला आंब्याचा रस वाढावा लागतो.

मग बॅटरी संपत आली. जावयांनी ‘घरी परत’ असं एक बटण असतं ते दाबलं आणि निवांत हात झटकले. पण त्या यंत्रात घर म्हणून अजून अकोल्याचीच गच्ची नोंदलेली होती. इथून उडवताना इथलं घर नोंदवायचं असतं, ते कोण करणार? (जेवायला सासर चालतं, पत्ता मात्र माहेरचा.) भिरभिरं वळलं आणि तुमच्या घराकडे निघालं. अकोला इथून काय जवळ आहे? बाजारावर येऊन त्याचा जीव गेला. ते सरळ इंदूबाईच्या पालात. ही बाई माझ्या आठवणीपासून तिथे वांगी विकते, आजवर तिच्या अंगावर फार तर गिऱ्हाईक आलं असेल. पाल फाटलं आणि पंख्याच्या पात्यानं तिचं कपाळ उघडलं. डोळा दोन बोटांनी वाचला, उत्तमरावजी. नुसता दोन बोटांनी.

लोक ते यंत्र टोपल्यात घालून माझ्या दारात आले. पुढे नत्थुजी पंक्चरवाला, बाह्या वर, डोळे लाल. ‘कोनाचं हाय बे हे?’ किशोरराव पुढे झाले. समोर रक्तानं भिजलेला पदर कपाळाला दाबून बाई उभी, आणि आपल्या चिरंजीवांनी विचारलं, ‘कॅमेरा फुटला का?’ आता यांच्या थोबाडीत बसते, असं मला वाटलं. (वाटलं काय, मी वाटच पाहत होतो.) तेवढ्यात इंदूबाईनं विचारलं, पोरगा कोणाचा? कोणीतरी सांगितलं, जानरावजीचा जवाई. झालं! माझा जावई म्हणजे गावचा जावई. नत्थुजीच्या बाह्या खाली आल्या. त्यानं आपल्या दुपट्ट्यानं यंत्र पुसून जावयांच्या हाती दिलं. आणि इंदूबाईनं तो रक्ताचा पदर डोक्यावरून सारखा केला न् म्हणाली, ‘बसा जवाईबुवा, उनाचे उभे कावून?’ मग चहा झाला. माझ्याच घरून, मीच आणला. लाजेनं माझी मान वर होईना, आणि ते खारी बुडवून खात होते. इंदूबाईला मी अमरावतीला नेऊन टाके घालून आणलं, ती आता बरी आहे.

त्याच संध्याकाळी जेवताना वरमालेची योजना निघाली. सगळे वा वा म्हणाले. आरती तेवढी ताटाकडे पाहत बसली. बँडच्या दणक्यात ते यंत्र आलं कधी हेही कळणार नाही. खाली लेकरं, म्हाताऱ्या, मागे आचाऱ्याच्या भट्ट्या, आणि मधोमध माझी पोर मान वर करून उभी. मला भीती वाटते, उत्तमरावजी. साधनाच्या कपाळावर मला मुंडावळ्या पाहायच्या आहेत, टाके नाहीत. तेव्हा बाप या नात्यानं आपण त्यांचे कान धरावेत. थोरांना मान, लहानांना पापा, आणि घरात जे कोणी ड्रोन उडवत नाहीत त्यांना विशेष आशीर्वाद.

आपला,
जानराव

ता. क. पत्र कौशल्यानं वाचलं. म्हणते, ‘आपली लेक त्याइच्या घरात हाय, अन् तुमची अक्कल कुठं हाय?’ बरोबर आहे. तरी ‘आपला गुडघा काय म्हणतो’ इथपर्यंतचं पत्र वाचावं आणि पुढचं न वाचल्यासारखं करावं. यातल्या एका शब्दानं आरतीला तिथे कोणी टोमणा मारला तर मला अन्न गोड लागणार नाही.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवलं होतं ते पुन्हा फोडलं. आज किशोरराव भिरभिरं दुरुस्त करून हारांची तालीम करायला आले. सासऱ्याचं तोंड बांधलेलं असतं, पण साळीचं, म्हणजे मेहुणीचं, नसतं, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. साधना म्हणाली, ‘जिजाजी, पयले तुमी बसा पाटावर. हार कसा येते ते मले तं पाहू द्या.’ आणि त्यांच्या हातातला रिमोट घेतला. (चालवायला त्यांनीच शिकवलेलं, हौसेनं.) हार लटकवून तिनं ते भिरभिरं अंगणातून गच्चीच्या वर नेलं आणि त्यांच्या डोक्यावर आणून थांबवलं. जावई आधी फोटोसाठी हसत होते. मग वर पाहिलं. हार हलला, यंत्र डुललं. बस, जावई उठले, बसायचा पाट दोन्ही हातांनी डोक्यावर धरला आणि स्वयंपाकघराकडे पळत सुटले. ओरडत काय होते? ‘अवं साधना, खाली मानूस हाय ना!’

त्या दिवशी बाजारात हेच सगळ्यांच्या ओठांवर होतं, माझ्याही. हार आता साधनाची मामी ताटातून आणणार, असं जावयांनीच आतून ओरडून सांगितलं. तेव्हा पत्राची गरज उरलेली नाही, पण एवढं लिहिलं आहे तर पाठवतोच. कौशल्याला कळवू नये. विनंती एकच, किशोररावांना आता आपण काही बोलू नये. बोलायचं ते त्यांनी स्वतःच बोलून टाकलं आहे.