पत्रा ठोकणाऱ्याचा डावा कान

सव्वीस वर्षांच्या धडधाकट मुलीने मृत्युपत्र का करावं, असं आई विचारते. उद्या माझ्या कानाच्या पडद्याचं ऑपरेशन आहे. त्यात कोणी मरत नाही, हे कानाची डॉक्टर म्हणून मीच रुग्णांना सांगते. तरीही पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय, माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवते.

१. बँकेतली बचत आईची. त्यातून तिने भांडी न घेता स्वतःचे दात बसवून घ्यावेत.

२. ऐकू येतं का ते तपासायचा माझा ट्यूनिंग फोर्क धाकटीला. अट एकच, तिनेही पदवी घ्यावी. घरात पदवीधर मी एकटीच राहायला नको.

३. काकांनी भरल्या घरात बाबांना विचारलं होतं, "पोरीला एवढं शिकवून काय, लोकांचे कान कोरायला बसवणार?" होय काका. कान-नाक-घशाच्या नियतकालिकाच्या ज्या अंकात माझा लेख छापून येईल, तो तुम्हाला. चष्मा लावून वाचा.

४. पत्रा ठोकणाऱ्यांचा डावा कान आधी का जातो, यावर तो लेख आहे. बाबांचा गेला, तिथून मी शोधायला लागले. असे लेख लेखकाचं नाव झाकून तज्ज्ञांकडे तपासायला जातात. माझा नेमका आमच्याच विभागप्रमुखांकडे गेला. तो कोणाला दाखवायचा नसतो, पण त्यांनी चहाच्या वेळी आम्हालाच वाचून दाखवला. "मुरलेला माणूस आहे हा! शिका काहीतरी!" मी त्यांना आणखी चहा ओतला.

लेख स्वीकारल्याचं पत्र आल्यावर मी त्यांना खरं सांगितलं. ते म्हणाले, "विभागप्रमुखाचं नाव पहिलं, ही इथली रीत आहे. आणि तुझा कान माझ्याच हाताखाली यायचाय, बरं का." हसत म्हणाले, पण म्हणाले.

"सर, तुमच्यासारखा हात कुणाचा नाही. कान बिनधास्त देते. लेख नाही देणार."

५. सरांना त्यांनी लेखावर लिहून पाठवलेला अभिप्राय चौकटीत बसवून द्यावा: 'लेखकाचा अनुभव दांडगा दिसतो.'

साक्षीदार: वॉर्डच्या सिस्टर (सही करताना म्हणाल्या, "उद्या शुद्धीवर आलीस की हे मोठ्याने वाचून दाखव"); शेजारच्या शिंपीणकाकू.

स्थळ: कान तपासायची बंद खोली.
दिनांक: ऑपरेशनच्या आदल्या दिवशी.
सही: बाबांची थोरली.

सही झाल्यावर एक नोंद. मी नसले तर लेखावर कोणाचं नाव चढवायचं, हा प्रश्न कोणाला पडू नये. छपाईची अंतिम प्रत आज सकाळीच पाठवून दिली आहे. तिच्यावर नाव एकच आहे, माझं.