नुसतं ‘मुलगी’

बुलढाणा, ९ जून २०२५

ती. कौशल्याआत्यास,
डिंपलचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून पत्र. गुडघा कसा आहे? लोणच्याच्या कैऱ्या एकटीनं फोडू नकोस.

आमच्या भाऊरायाच्या, प्रज्वलच्या, जातीच्या दाखल्यासाठी आजोबांची जुनी नोंद हवी होती, म्हणून तहसीलमध्ये गेले. पूर्वी आपल्या धाड गावातले जन्म-मृत्यू कोतवाल लिहून ठेवायचा, ते पुस्तक मोडी लिपीत आहे. वाचून देणाऱ्या काकांना आजोबांचं नाव सापडलं. १९४५ साली त्यांना मुलगी झाली. घरात थोरली तू, आणि तू तर एकोणपन्नास सालची! काकांनी पुढची पानं चाळली. १९४८, त्याच घरातली मुलगी, तापानं मयत. दोन्हीकडे नाव नाही, नुसतं ‘मुलगी’.

बाबांना काहीच ठाऊक नाही. आत्या, ही कोण?

उत्तर लवकर दे. तुझी माया आहेच, ती राहू दे.
तुझी,
डिंपल

मोताळा, १६ जून

चि. डिंपलले अनेक आशीर्वाद.

तुहं पत्र वाचलं अन् दिवसभर कशात मन लागलं नाही. मले हे ठाऊक नव्हतं. आई कधीच बोलली नाही. पण एक आठवून राह्यलं. शेवटच्या दुखण्यात आई सारखी इचारे, छकुली जेवली का. घरात लहान पोर तूच, अन् लाडानं सारे तुलेच छकुली म्हनत. मी तुले तिच्यापुढं उभी केली. तिनं पाह्यलं, मान हलवली अन् हे नोहे म्हने. आमाले वाटलं, म्हातारीले आता ओळख राह्यली नाही.

आईची धाकटी बहीण, लोणारची रुखमामावशी, अजून आहे. नव्वदीची झाली, म्हनून लवकरच जाऊन येते. कैऱ्या फोडून झाल्या, आता रागावू नको. तुही बरणी काढून ठेवली.

तब्येतीले जप, आत्याले इसरू नको.
कौशल्या

बुलढाणा, २१ जून

ती. आत्यास शि. सा. न.

आजीचं ते मान हलवणं एवढंच मला आठवतं. आजीनं मला नापास केलं, असं मी आजवर हसत सांगायची. आता सांगवणार नाही.

काल धाडला गेले तेव्हा बाबांना तुझं पत्र दाखवलं. ते तसेच वावरात निघून गेले, जेवायलाही आले नाहीत. दाखल्यासाठी प्रज्वल वंशावळ काढतोय. हिचं नाव काय लिहायचं, तेवढं मावशीआजीला विचार.

तुझ्या पत्राकडे डोळे लागलेत.
डिंपल

मोताळा, २ जुलै

चि. डिंपलले आशीर्वाद.

लोणारहून आली. बुलढाण्याले गाडी बदलली, पण तुह्या घरी आली नाही. डोळे सुजले होते, तुले दाखवावं वाटलं नाही.

पोर सांभाळाले म्हनून मावशीले लहानपणी आमच्या धाडच्या घरी ठेवलं होतं. तिले सारं आठवते. पोरगी बकरीच्या पिल्लामागं धावे. भाकरीचा पापुद्रा तेवढा खाये, बाकी मावशीले देई. मग तिले गोवर निघाला. गोवरात अन्न देऊ नये, असं घरच्या बायांनी सांगतलं. पोरगी भाकर मांगे. आईनं दिली नाही, अन् पोर उपाशीच गेली. मग सासूनं बजावलं, तिचं नाव घरात घेतलं त पुढचं लेकरू जगनार नाही. पुढचं लेकरू म्हंजे मी. मह्यासाठी आई जलमभर गप राह्यली.

बारशाले नाव ठेवलं होतं. मावशीनं डोळे मिटून खूप आठवलं, ते काही सापडलं नाही. सारे छकुलीच म्हनत. झबल्याचा रंग आठवते अन् नाव काऊन आठवत नाही म्हनून मावशी लेकरावानी रडली.

तवा वंशावळीत छकुलीच लिहा. अन् मह्या आंधी लिहा. घरात थोरली म्हनून मी आजवर मिरवलं, तुह्या बापाले दटावलं, सनासुदीले पहिला मान घेतला. आता कळलं, मी कोनाची तरी धाकटी बहीण होती. आई होती तवाच हे कळाले पायजे होतं, एकदा तिच्याजवळ बोलली असती.

तुह्या बापाले जेवू घाल. सारे सुखी राहा.
तुही आत्या,
कौशल्या