खिडकीतला पिवळा उजेड

४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. (त्यांना खर्च पडत नाही, म्हणून आधी तेच.) इकडे सर्व क्षेम, म्हणजे मागच्या पत्राच्या वेळी जसं होतं तसंच आहे. क्षेमाची हीच व्याख्या मी हल्ली मान्य केली आहे. फोन सोडून पत्र का, तर फोनवर बोलायला लागले की पलीकडच्या खोलीतून बाबा दुरुस्त्या सुचवतात. पत्रात निदान माझ्या चुका मला करता येतात.

तू पाठवलेला तो डबा टीव्हीला जोडून झाला. खालच्या मजल्यावरच्या इलेक्ट्रिशियननं जोडून दिला आणि जाताना माझ्याकडे असं पाहिलं, जणू पन्नाशीत मी सर्कशीत भरती झाले आहे. तेव्हापासून तू बनवलेला गेम आम्ही रोज दुपारी खेळतो. आम्ही म्हणजे बाबा आज्ञा सोडतात आणि मी बटणं दाबते. हात थरथरतात त्यांचे, जीभ नाही. ज्या माणसानं तुझा पहिला कॉम्प्युटर "डोळे फुटतील" म्हणून माळ्यावर टाकला होता, तोच आता जेवण होताच काठीनं भिंत ठोकतो, "अगं, कालची बकरी राहिली ना!"

चित्रांबद्दल लिहायलाच हवं. तुझं कौतुक करायची मला सवय नाही, तेव्हा घाईत उरकते. ती मुलगी खांद्यावर शिडी घेऊन छपराछपरांवरून हरवलेली बकरी शोधत फिरते आणि सगळं गाव ओल्या कागदावर रंगवल्यासारखं तिच्याभोवती पसरत जातं. कडा जरा फुटलेल्या, कौलांवर कुंचल्याचे केस उमटलेले. काळा रंग तू कुठेच वापरलेला नाहीस, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. सावल्यासुद्धा जांभळ्या. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गाच्या भिंतीवर जी जांभळट ऊब राहते, ती मला एकटीलाच ठाऊक आहे असं मी समजत होते. संस्कृतच्या तासाला रस आणि ध्वनी मी मुलांना वर्षानुवर्षं शिकवले, पण बकरीच्या मागे धावताना शांतरस निष्पन्न होतो हे कुठल्या टीकाकाराला सुचलं नव्हतं. झालं कौतुक.

आता तक्रार. खेळणाऱ्याला पाट्या लावून वाट दाखवायची नसते, उजेडानं दाखवायची, असं तूच सांगितलं होतंस. जिथे पिवळा उजेड, तिथे वाट. नियम मी पाठ केला. नियम पाठ करणं एवढंच मी आयुष्यात नीट केलं आहे. मग घंटाघरामागच्या त्या इमारतीचं काय? तिच्या सगळ्यात वरच्या खिडकीत पिवळा उजेड आहे. खिडकीत एक बाई बसली आहे. गाल हातावर, केस वर बांधलेले, नजर रस्त्यावर. मी जिना चढले, तर वर दार लागत नाही. शिडी लावली, ती भिंतीवरून घसरते. मागच्या छपरावरून उडी मारली आणि पडले. आठवडाभर रोज पडते आहे.

ओळखलं ते बाबांनी. चष्मा पुसून म्हणाले, "ही आपली ही आहे."

"कोण ही?"

"तू गं! तुझाच अंबाडा." मग बराच वेळ बघत राहिले. "ही उठत का नाही?"

"चित्र आहे ते, बाबा."

"मग हिला चहा कोण देतं?"

मी म्हटलं, "तुम्हाला हवाय का चहा, ते सांगा." विषय बदलण्याची कला मी तुम्हा दोघांकडूनच शिकले.

त्या बाईवर लोकांनी इंटरनेटवर लेख लिहिले आहेत, माहीत आहे ना तुला? एकाच्या मते ती म्हणजे प्रतीक्षेचं मूर्त रूप. अरे, कसली प्रतीक्षा! आपल्या घरी खिडकीजवळच्या त्या खुर्चीतून गॅसवरचं दूध आणि बाबांचा पलंग दोन्ही एकदम दिसतात. घरात अशी जागा ती एकच. मान अवघडते म्हणून मधूनमधून रस्त्याकडे वळवते, इतकंच.

बाकी विशेष काही नाही. हो, एक. माझी वर्गमैत्रीण, जी आता हस्तलिखितांच्या एका संस्थेत मोठी अधिकारी झाली आहे, तिचा फोन आला होता. दोन खोल्या भरून पोथ्या कुणी न उघडता पडल्या आहेत, त्या वाचून लावणारं माणूस हवं आहे. काम अकरा महिन्यांचं, तिथेच राहायची सोय, एक एप्रिलपासून. मी अर्थातच नाही म्हणणार आहे. अजून म्हटलेलं नाही, एवढंच. तू याचा काही विचार करत बसू नकोस. सहज लिहिलं.

त्या खिडकीचं तेवढं कळव. आत कसं जायचं?

तुझी
ताई

२७ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. क्षेमाचं खाली येईल.

तुझा फोन आला तेव्हा दूध तापत होतं, म्हणून मी नुसतं "बरं, बरं" म्हणत राहिले. आत्ता गॅस बंद आहे. तू हसत म्हणालास, "ताई, तिथे दारच नाही गं. आत खोलीही नाही. नुसती भिंतीवर रंगवलीय तुला." मी विचारलं, "मग उजेड कशाला?" तर म्हणालास, "छान दिसतो म्हणून." आणि पुढे, "खरं सांगू? खूप दमलो ना, की मी गेम लावतो आणि त्या खिडकीखाली येऊन उभा राहतो. वाटतं, चला, घर जागच्या जागी आहे." मग म्हणालास, तुझ्यासाठी एक गंमत करतोय, पुढच्या अपडेटमध्ये बघ.

परवा ती गंमत आली. मुलगी खिडकीखालून गेली की ती बाई आता हात हलवते. फार सुरेख हलवते. आधी मनगट वळतं, बोटं मागून येतात, अगदी माझी लकब. किती खपला असशील त्यावर. बाबांनी मला पुन्हा पुन्हा तिथूनच जायला लावलं. बकरी राहिली बाजूला. शेवटी म्हणाले, "हात हलतोय म्हणजे जिवंत आहे. मग मेली उठत का नाही?"

मी हातातला बटणांचा तो ठोकळा खाली ठेवला.

धाकट्या, मी चिडलेले नाही. चिडता आलं असतं तर बरं झालं असतं. चित्रात ठेवून दिल्यासारख्या निश्चल माणसाला संस्कृतात चित्रार्पित म्हणतात. वर्गात हा शब्द समजावताना मला वाटायचं, काय गोड कल्पना आहे! पण ती कल्पना बाहेर उभं राहून बघणाऱ्याची होती. चित्रातल्या माणसाला कुणी विचारलेलं नव्हतं.

आई गेल्यावर मी 'सध्यापुरती' शाळा सोडली. ते सध्या भलतंच लांबलं. तू काही कमी केलं नाहीस. औषधं तिकडूनच मागवतोस, मला आवडतात त्याच रंगाच्या शाली पाठवतोस, रविवारी न चुकता फोन करतोस. त्या खिडकीमागे खोली काढायची तेवढी राहून गेली तुझ्याकडून. तू दुष्टपणा केला असतास तर मी भांडून बाहेर पडले असते. तू इतक्या मायेनं रंगवलंस, की बाहेर पडायचं कुठून तेच सापडेना.

मागच्या पत्रात पोथ्यांचं मी 'सहज लिहिलं' म्हणाले होते. सहज काही नव्हतं. सबंध पत्र त्या चार ओळींसाठी होतं. फोनवर तू खिडकीबद्दल बोललास, बकरीबद्दल बोललास, त्या चार ओळींबद्दल चकार शब्द काढला नाहीस. तुला दोष देत नाही. मीच त्यांच्यावर उजेड टाकला नव्हता.

तेव्हा आता टाकते. मी मैत्रिणीला होकार कळवला आहे. एकतीस मार्चची सकाळची गाडी आहे. तू तीसला ये, अकरा महिन्यांसाठी. "माझं काम जगातल्या कुठल्याही खोलीत बसून करता येतं," असं इंटरनेटवरच्या तुझ्या त्या मुलाखतीत तूच म्हणाला आहेस, आणि बाबांनी ते मला दोनदा लावायला लावलं. ही घे एक खोली. उजेड चांगला येतो.

बाबांना काल सांगितलं. मला वाटलं, आता काठी वाजणार. काठी त्यांनी उचललीच नाही. मग म्हणाले, "बकरी कोण शोधणार?"

"ज्यानं हरवली, तो येतोय."

"त्याला जमेल?"

"शिकेल."

"हं. शाळेत पण त्याला प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागायची." मग पांघरूण नीट केलं. "तिथे तुला चहा देईल ना कुणी?"

मी हो म्हटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन एक घासलेलं भांडं पुन्हा घासलं.

सूचना थोड्याच. बाबा गोळी गालात धरून ठेवतात. ती गिळेपर्यंत त्यांच्याशी बोलत राहा, शक्यतो राजकारणावर. रागावले की जेवत नाहीत, पण ताट तिथेच ठेवून आपण वळलो की जेवतात. वळायला विसरू नकोस.

आणि ती खुर्ची. तुझ्या चित्रातली बाई फार निवांत बसली आहे, म्हणून मुद्दाम सांगते, खरी खुर्ची डुगडुगते. मागचा डावा पाय आखूड आहे, त्याखाली पुठ्ठ्याची घडी लागते. तुला माहीत असायचं कारण नाही, तू तिच्यात कधी बसलाच नाहीस. नवी घडी करून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली आहे.

एकतीसला सकाळी मी बॅग घेऊन खालच्या रस्त्यानं जाईन. त्या वेळी गॅसवर दूध असेल, त्यामुळे तुला खाली येता येणार नाही. कोपऱ्यावर मी थांबेन आणि वर बघेन.

हात हलव. तुला छान जमतं.

रस्त्यावरून,
तुझी ताई